फुकट तिकिटाचं भाडं

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. रात्री जेवणं आटोपून बसलो होतो, तेवढ्यात ठाण्याहून पुतणीचा फोन आला. म्हणाली, "काका, तुम्ही एवढी वर्षं बँकेत काढलीत. मला एक सांगा. दोन क्रेडिट कार्डं समोर आहेत. दोन्हींवर प्रवासाचे पॉइंट मिळतात. कुठलं घेऊ?"

मी विचारलं, "प्रवास कुठला करायचाय?"

"आई-बाबांना काशीला न्यायचंय. विमानानं. बाबांनी अजून विमानात पाय ठेवलेला नाही. पॉइंटांवर तिकीट फुकट मिळतं म्हणे."

माझा भाऊ आणि वहिनी मिरजेला असतात. भावाची आयुष्यभर फिरतीची नोकरी, पण ती सगळी एस.टी.ची आणि पॅसेंजर गाड्यांची. त्यामुळे मुलीच्या मनात हे आलं याचं मला कौतुकच वाटलं. मी म्हटलं, "रविवारी ये. कागद-पेन्सिल घेऊन बसू." त्या रविवारी जो हिशेब केला, तोच आज तुमच्यापुढे मांडतो. आकडे समजायला सोपे जावेत म्हणून गोल केले आहेत आणि कार्डांची नावं मुद्दामच घेत नाही, कारण बँका त्यांच्या अटी वरचेवर बदलत असतात. आज खरी असलेली अट सहा महिन्यांनी खरी असेलच असं नाही. हिशेबाची रीत मात्र बदलत नाही.

हे पॉइंट देतो कोण?

आधी एक गोष्ट समजून घेऊ. बँक आपल्याला पॉइंट कशाला देते? तिला आपल्या काशीयात्रेचं पुण्य नको असतं.

आपण दुकानात हजार रुपयांची खरेदी कार्डावर करतो, तेव्हा दुकानदाराच्या हाती पुरते हजार पडत नाहीत. साधारण दीड-दोन टक्के रक्कम शुल्क म्हणून कापली जाते आणि तिचा मोठा वाटा कार्ड देणाऱ्या बँकेकडे जातो. शिवाय कार्डाचं वार्षिक शुल्क असतं. आणि सगळ्यात घसघशीत कमाई म्हणजे, जे ग्राहक बिल पूर्ण भरत नाहीत त्यांच्याकडून येणारं व्याज. या तीन ओढ्यांतून जे पाणी येतं, त्यातलं ओंजळभर पॉइंटांच्या रूपानं आपल्याकडे परत येतं.

विमान कंपन्यांचंही यात भलं होतं. अमेरिकन एअरलाइन्सनं १९८१ मध्ये आपला 'ॲडव्हांटेज' कार्यक्रम सुरू केला. जितके मैल उडाल तितके माइल्स खात्यात, आणि पुरेसे साठले की तिकीट, अशी ती कल्पना. १९८७ मध्ये त्यांनी सिटीबँकेबरोबर कार्ड काढलं. मग माइल्स मिळवायला विमानात बसण्याचीही गरज उरली नाही, किराणा घेतला तरी पुरे. विमान कंपनी हे माइल्स बँकेला रोख पैशांत विकते. हा धंदा किती मोठा आहे हे करोनाच्या काळात जगाला कळलं. विमानं जमिनीवर उभी होती, तेव्हा २०२० मध्ये युनायटेड एअरलाइन्सनं आपला माइल्सचा कार्यक्रम तारण ठेवून ६८० कोटी डॉलर उभे केले. विमान उडत नसतानाही ज्याच्यावर कर्ज मिळतं, ती वस्तू कंपनीसाठी काय मोलाची असेल, विचार करा.

हे सांगण्याचा हेतू एवढाच की, पॉइंट म्हणजे बक्षीस नव्हे. ते एक चलन आहे. त्याचा भाव ठरवणारा आपण नसतो, समोरचा असतो. म्हणून ते घेण्याआधी त्याचे रुपये करून बघायचे.

पॉइंटाचे रुपये करा

आमच्या कागदावर दोन रकाने आखले. पहिलं कार्ड साधं. वार्षिक शुल्क ५०० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी धरून ५९०. दर दीडशे रुपयांच्या खर्चाला २ पॉइंट, आणि एका पॉइंटाचे २५ पैसे. म्हणजे दीडशे रुपयांना आठ आणे. शंभराला तेहतीस पैसे झाले.

दुसरं कार्ड एका विमान कंपनीच्या नावाचं, चकचकीत. वार्षिक शुल्क ५,००० रुपये, जीएसटीसह ५,९००. दर शंभर रुपयांना २ माइल्स. कार्ड घेतल्याबरोबर ५,००० माइल्सचा बोनस. वर्षातून काही वेळा विमानतळावरच्या लाउंजमध्ये बसायची सोय.

पुतणी म्हणाली, "यात विचार काय करायचा? दुसऱ्यावर शंभराला दोन मिळतात, म्हणजे दोन टक्के."

इथंच पहिली चूक होते, मंडळी. शंभराला दोन माइल्स म्हणजे दोन रुपये नव्हेत. माइलचा भाव काढायचा असतो, आणि तो असा. तुम्हाला खरोखर जायचं आहे तेच तिकीट घ्या. समजा मुंबई–वाराणसी तिकीट रोखीनं ६,६०० रुपयांना आहे. तेच तिकीट माइल्सवर घेतलं तर ९,००० माइल्स लागतात, आणि वर कर आणि विमानतळाचे आकार म्हणून १,२०० रुपये रोख भरावे लागतात. हो, 'फुकट' तिकिटावरही हे भरावेच लागतात. ६,६०० मधून १,२०० वजा केले की उरले ५,४००. ते भागिले ९,०००. एका माइलचे झाले ६० पैसे. म्हणजे दुसरं कार्ड शंभराला देतं एक रुपया वीस पैसे.

आता खर्च किती? पुतणी कार्डावर महिन्याला तीस हजार खर्च करते. पण त्यातले पाच हजार पेट्रोल आणि विम्याचे हप्ते. पुष्कळ कार्डांवर पेट्रोल, विमा, घरभाडं, वॉलेटमध्ये भरलेले पैसे, सरकारी भरणा अशा खर्चांवर पॉइंट मिळतच नाहीत, किंवा अगदी कमी मिळतात. बँकेला जिथे शुल्क कमी सुटतं, तिथे ती पॉइंटही आखडते. तेव्हा धरायचे पंचवीस हजार. वर्षाचे झाले तीन लाख.

तीन लाखांवर पहिलं कार्ड देतं १,००० रुपये. शुल्क ५९० गेलं की हाती ४१०.

दुसरं कार्ड देतं ६,००० माइल्स, म्हणजे ३,६०० रुपये. पहिल्या वर्षी बोनसचे ५,००० माइल्स, त्यांचे आणखी ३,०००. एकूण ६,६००. शुल्क ५,९०० वजा जाता हाती ७००. दुसऱ्या वर्षी बोनस नाही. मिळकत ३,६००, शुल्क ५,९००. म्हणजे २,३०० रुपये पदरचे गेले.

पुतणी म्हणाली, "आणि लाउंज?" मी विचारलं, "वर्षातून विमानानं किती वेळा जातेस?" म्हणाली, "एकदा. कधी दोनदा." मग लाउंजमधल्या उपम्याची आणि कॉफीची किंमत किती धरायची ते तुम्हीच ठरवा. शिवाय अलीकडच्या वर्षांत अनेक बँकांनी लाउंजला अट घातली आहे. आधीच्या तिमाहीत ठरावीक रकमेचा खर्च केला असेल तरच दार उघडतं. ज्याला कामासाठी महिन्यातून दोनदा दिल्लीला जावं लागतं, त्याच्या दृष्टीनं ही सोय मोलाची असू शकते. वर्षातून एकदा जाणाऱ्याला तिचं अप्रूप फोटो काढण्यापुरतं.

आता एक तिसरा रकाना आम्ही मागाहून आखला, आणि माझ्या मते तोच महत्त्वाचा. समजा कोणी बिनशुल्क कार्ड देत असेल आणि त्यावर शंभराला सरळ एक रुपया परत मिळत असेल, तर? विमानाच्या कार्डावर शंभराला एक रुपया वीस पैसे. फरक वीस पैशांचा. या वीस-वीस पैशांतून ५,९०० रुपयांचं शुल्क भरून निघायला वर्षाला साडेएकोणतीस लाखांचा खर्च कार्डावर करावा लागेल. हा आकडा मी दोनदा तपासला, कारण माझाही विश्वास बसेना.

याचा अर्थ विमानाची कार्डं वाईट असा नाही. त्या कंपनीचीच तिकिटं काढली तर माइल्स जास्त मिळतात. काही कार्डांवर ठरावीक खर्चानंतर वार्षिक शुल्क माफ होतं. माइल्स परदेशच्या लांबच्या प्रवासाला किंवा वरच्या वर्गाच्या तिकिटाला वापरले तर एका माइलचा भाव ६० पैशांच्या पुष्कळ वर जाऊ शकतो. मुलगा अमेरिकेत आहे, दर वर्षी जाणं होतं, खर्चही तसा आहे, अशा घराला ते कार्ड शोभेल. पण आपलं घर तसं आहे का, हे आधी बघावं.

टप्प्याची हाव

दुसऱ्या कार्डाच्या माहितीपत्रकात आणखी एक ओळ होती. वर्षात चार लाखांचा खर्च झाला की एक देशांतर्गत तिकीट भेट. पुतणी म्हणाली, "काका, तीन लाख तर होतातच. आणखी एक लाख करता येईल."

मी विचारलं, "कशावर करशील?"

थोडा वेळ विचार करून म्हणाली, "टीव्ही बदलू. नाहीतर सोफा."

बघा, ५,४०० रुपयांच्या तिकिटासाठी एक लाखाची खरेदी. जो खर्च आपण एरवीही करणारच होतो, तो कार्डावर केला आणि टप्पा गाठला गेला, तर उत्तम. पण टप्पा गाठण्यासाठी खर्च शोधायचा म्हणजे पत्रावळीसाठी जेवणावळ घालण्यासारखं झालं.

कंपनी बंद पडली तर?

साठवलेल्या माइल्सची आणखी एक गंमत आहे. बँकेतल्या ठेवीला व्याज मिळतं, माइल्सचं उलट आहे. ती ठेवून ठेवली तर बहुधा झिजतात. काहींना मुदत असते. काहींचा तक्ताच बदलतो. काल ९,००० ला मिळणारं तिकीट उद्या १२,००० ला.

आणि कधी कधी कंपनीच राहत नाही. आपल्याकडे किंगफिशरची विमानं ऑक्टोबर २०१२ मध्ये थांबली. जेट एअरवेजनं १७ एप्रिल २०१९ रोजी शेवटचं उड्डाण केलं. जेटचा माइल्सचा कार्यक्रम वेगळ्या कंपनीकडे असल्यानं तो नाव बदलून पुढे चालू राहिला, पण ज्या विमानासाठी लोकांनी माइल्स जमवले होते ते विमानच उरलं नाही. विस्तारा १२ नोव्हेंबर २०२४ रोजी एअर इंडियात विलीन झाली. तिथे सभासदांचे पॉइंट एअर इंडियाच्या कार्यक्रमात वर्ग झाले. पण ज्यांनी विस्ताराच्या नावाची कार्डं घेतली होती, त्यांचं कार्डामागचं सगळं गणितच बदललं.

म्हणून माझा सल्ला असा की, एका कंपनीला बांधलेल्या कार्डापेक्षा, ज्याचे पॉइंट चार ठिकाणी वापरता येतात असं बँकेचं स्वतःचं कार्ड बहुतेकांना बरं पडतं. माइल्स जमले की वापरावेत. लोणच्यासारखे मुरवत ठेवू नयेत.

परदेशी जाणाऱ्यांसाठी एक सूचना. प्रवासाचं कार्ड म्हणून ते परदेशात स्वस्त पडेल, असं नाही. पुष्कळ कार्डांवर परकीय चलनातल्या खर्चावर साडेतीन टक्के आकार लागतो. जीएसटी धरून तो ४.१३ टक्के होतो. लाखाच्या खर्चावर ४,१३० रुपये गेले आणि माइल्स मिळाले १,२०० रुपयांचे. तेव्हा परदेशासाठी कार्ड घ्यायचं तर हा आकार कमी किंवा शून्य असलेलं बघा. आणि तिकडे दुकानातल्या यंत्रानं "रुपयांत भरायचे की इथल्या चलनात?" असं विचारलं, तर तिथलंच चलन निवडा. रुपये निवडले की रूपांतराचा भाव यंत्रवाला ठरवतो, आणि तो सहसा आपल्या फायद्याचा नसतो.

खरा प्रश्न

हिशेब संपत आला तेव्हा मी सहज म्हटलं, "आत्ता जे कार्ड आहे त्याचं स्टेटमेंट दाखव बघू. त्यावरून खर्चाचा नीट अंदाज येईल."

ती जरा घुटमळली. मग फोन माझ्यापुढे धरला. स्टेटमेंटवर बाकी होती साठ हजार. सात महिने ती दर महिन्याला फक्त 'किमान देय रक्कम' भरत होती. म्हणाली, "तेवढी भरली की दंड लागत नाही ना, काका."

दंड लागत नाही, हे खरं. व्याज लागतं. तिच्या कार्डाचा दर महिन्याला साडेतीन टक्के होता, वर्षाला ४२. साठ हजारांवर महिन्याचं व्याज साधारण २,१००. त्यावर १८ टक्के जीएसटी, ३७८. एकूण २,४७८. ती भरत होती ३,०००. म्हणजे मुद्दलात जात होते ५२२ रुपये. आणि बाकी शिल्लक असली की नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदतही मिळत नाही. आज घेतलेल्या भाजीवरसुद्धा आजपासून व्याज.

मी तीन रकान्यांच्या खाली हा आकडा लिहिला. विमानाच्या कार्डावरची वर्षभराची सगळी मिळकत ३,६०० रुपये. ती व्याजात बुडायला दीड महिना पुरतो. ज्याच्या कार्डावर बाकी आहे, त्याच्यासाठी कुठलं प्रवासी कार्ड चांगलं हा प्रश्नच नाही. त्याचे पैसे दुसऱ्यांच्या तिकिटांना लागतात. मघाशी मी म्हटलं ना, तीन ओढे असतात, त्यातला मोठा ओढा हा.

मी विचारलं, "शिल्लक काही आहे?"

"ऐंशी हजारांची एफडी आहे. पण ती काशीची आहे, काका."

त्या ठेवीवर तिला वर्षाला सात टक्के मिळत होते आणि कार्डावर ती बेचाळीस टक्के देत होती. हिशेब एका ओळीचा होता, पण तिला ती ओळ वाचवेना. आई-बाबांसाठी बाजूला ठेवलेला पैसा आपल्याच चुकीपायी मोडायचा, हे तिला लागलं. मीही फार बोललो नाही. सोमवारी तिनं ठेव मोडली आणि बाकी पूर्ण भरली.

घेताना आणि सोडताना

तेव्हा प्रवासाचं कार्ड निवडताना काय बघायचं? आधी स्वतःला विचारा, मी दर महिन्याला पूर्ण बिल भरतो का? उत्तर 'नाही' असेल तर इथेच थांबा. मग मागच्या वर्षभराच्या प्रवासाची यादी करा. मनातल्या प्रवासाची नव्हे, झालेल्या प्रवासाची. विमान किती वेळा, रेल्वे किती वेळा, कुठल्या वर्गानं. त्यानंतर पॉइंट मिळणारा खर्च वेगळा काढा, पॉइंटाचे रुपये करा आणि दुसऱ्या वर्षाचं शुल्क वजा करा. पहिल्या वर्षाचं नव्हे, कारण पहिलं वर्ष आमिषाचं असतं.

रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या निर्देशांनी ग्राहकाला काही हक्क दिले आहेत. आपल्या संमतीशिवाय बँकेला कार्ड गळ्यात मारता येत नाही. मुख्य अटी वेगळ्या कागदावर द्याव्या लागतात. तो कागद कंटाळवाणा असतो, पण तोच वाचायचा. आणि कार्ड बंद करा असं कळवल्यावर, बाकी नसेल तर बँकेनं ते कामाच्या सात दिवसांत बंद केलं पाहिजे. नाहीतर उशिराच्या प्रत्येक दिवसाला ५०० रुपये ग्राहकाला द्यावे लागतात. बंद करण्याआधी साठलेले पॉइंट तेवढे वापरून टाका, नाहीतर ते बुडतात.

पुतणीनं त्यानंतर सहा महिने नवं कार्ड घेतलं नाही. मग जी यादी केली, तीत विमानप्रवास होता एक आणि रेल्वेचे होते अकरा. मिरज–ठाणे खेपाच जास्त. तिनं रेल्वेच्या तिकिटांवर पॉइंट देणारं, ५०० रुपये शुल्काचं कार्ड घेतलं. आयआरसीटीसीच्या सहकार्यानं काही बँका अशी कार्डं देतात. काहींवर हे पॉइंट फक्त वातानुकूलित वर्गाच्या तिकिटांना मिळतात, तेवढं बघून घ्यावं. तिची वर्षाची तिकिटं तीस हजारांची. त्यावर पाच टक्के धरले तर दीड हजार, शुल्क जाऊन नऊशेच्या आसपास. फार नाही. पण ते खरंच तिच्या हाती येतात, आणि बिल दर महिन्याला पूर्ण भरलं जातं.

काशीयात्रा वर्षभरानं झाली. ऐन थंडीत, महानगरी एक्स्प्रेसनं, थ्री-टायर एसीत. वहिनींनी दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून घेतली होती. परत आल्यावर मी भावाला विचारलं, "विमान हुकलं म्हणून वाईट नाही ना वाटलं?"

म्हणाला, "विमानात खालच्या बर्थवर पाय पसरून झोपू देतात का?"

त्याला त्या साठ हजारांचं अजून माहीत नाही. पुतणी म्हणते, विमानाचं तिकीट काढीन, तेव्हाच सांगेन. त्यासाठी तिनं नवी ठेव सुरू केली आहे.